चाललेले वसूल करण्याची शास्त्रोक्त पद्धत
(वर्धा-सेवाग्राम मार्गावरील वजनमुमुक्षूंसाठी)

वर्ध्याहून सेवाग्राम सुमारे आठ किलोमीटर. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी इथे पायदल आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते आणि पोचलेल्या माणसापुढे काय वाढले जाईल याबद्दल कोणाच्याही फार आशा नव्हत्या. आता रस्ता चांगला झाला आहे आणि आशाही वाढल्या आहेत. पहाटे या रस्त्यावर पांढऱ्या बुटांतले जे स्त्री-पुरुष हात झुलवत चाललेले दिसतात, त्यांच्यापुढे एकच तात्त्विक प्रश्न असतो: चालून ज्या कॅलरी जाळल्या, त्या परत खाव्यात की खाऊ नयेत?

आहारतज्ज्ञ या प्रश्नाला ‘ते अवलंबून आहे’ असे उत्तर देतात. एवढ्या पहाटे उठलेल्या माणसाला असे उत्तर देणे क्रूरपणाचे आहे. म्हणून जाळलेली प्रत्येक कॅलरी, आणि न जाळलेल्याही काही, सन्मानाने परत मिळवण्याची ही पद्धत इथे क्रमवार दिली आहे.

साहित्य

मनगटावर कॅलरी मोजणारे घड्याळ, खिशात अन्नाची नोंद ठेवणारा फोन, चालणाऱ्या मित्रांचा एक गट, आणि परतीच्या वाटेवर पोह्यांची एक हातगाडी. वजनकाटा ऐच्छिक आहे. असल्यास पलंगाखाली ठेवावा.

पायरी पहिली: उचल घ्यावी

मजुरीला जाण्याआधी उचल घेण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. तिचा लाभ मुमुक्षूनेही घ्यावा. निघण्यापूर्वी चहा आणि चार बिस्किटे ‘चालायला ताकद हवी’ म्हणून घ्यावीत. ही ताकद शरीरात आधीपासून काही किलो साठवलेली आहे आणि तीच खर्च करायला आपण निघालो आहोत, हा विचार मनात आणू नये. पाऊस आला आणि चालणे रद्द झाले, तर उचल परत करण्याची प्रथा नाही.

पायरी दुसरी: घड्याळाचा आकडा पूर्ण जमा धरावा

सत्तर किलोचा माणूस ताशी पाच किलोमीटरच्या चालीने वर्ध्याहून सेवाग्रामला पोचला, तर त्या दीड तासाच्या वर थोड्या वेळात त्याच्या सुमारे ३९० कॅलरी खर्च होतात. पण तेवढाच वेळ तो घरी खुर्चीत बसून राहिला असता, तरी हृदय, मेंदू आणि यकृत यांनी ११० च्या आसपास कॅलरी जाळल्याच असत्या. म्हणजे चालण्याची खरी कमाई २८०, किलोमीटरला जेमतेम पस्तीस. घड्याळ बहुधा सगळे ३९० दाखवते. साधकाने ३९० धरून पुढच्या शंभराला गोलाई द्यावी.

घड्याळावर शंका घेणारे लोक स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासाचा दाखला देतात. त्यात मनगटावरची सात यंत्रे तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी नीट मोजले; कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगले यंत्रही सरासरी २७ टक्के चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्के. अशा लोकांबरोबर चालू नये.

पायरी तिसरी: खर्चाच्या बाजूला हात आखडता घ्यावा

आता हातगाडीपाशी थांबावे. फोनवर ‘पोहे, एक प्लेट’ अशी नोंद करून सर्वांत लहान आकडा निवडावा. प्लेटमध्ये प्रत्यक्षात काय असते, ते पाहू नये. कोरडे पोहे साठ ग्रॅम धरले तर २१० कॅलरी. फोडणीचे दोन लहान चमचे तेल, ९०. वरून मूठभर शेव-चिवडा, शंभर-एकशेदहा. आणि तर्री, म्हणजे हरभऱ्यांचा झणझणीत रस्सा. तर्रीवर जो लाल तवंग तरंगतो त्याचा मोठा एक चमचा म्हणजे १३५. हरभरे न धरताही बेरीज साडेपाचशेच्या घरात जाते, म्हणजे येणे आणि परत जाणे या दोन्ही फेऱ्यांची मजुरी. पण तर्री हा द्रवपदार्थ आहे आणि द्रव नोंदवायचा नसतो. दुसऱ्यांदा मागितलेली तर्री तर गाडीवाला पैसे न घेता देतो. जिचे पैसे लागत नाहीत तिच्या कॅलरी कशा लागतील?

या पायरीला भक्कम शास्त्रीय आधार आहे. १९९२ साली अमेरिकेत ‘आम्ही कमीच खातो, तरी वजन उतरत नाही’ असे सांगणाऱ्या स्थूल व्यक्तींचा अभ्यास झाला. त्यांनी आपले खाणे सरासरी ४७ टक्के कमी सांगितले होते आणि शारीरिक हालचाल ५१ टक्के जास्त. यात खोटेपणा होता असे नाही. माणसाची वही नेहमी त्याच्याच बाजूने लिहिली जाते. इतकी मोठी मंडळी जे सहज करून गेली, ते आपल्यालाही जमेल.

पायरी चौथी: सात्त्विक पदार्थांना सूट द्यावी

वर्ध्यात येऊन गोरस भांडारातला गोरसपाक न खाणे हा गोसेवेचा अपमान समजला जातो. कणीक आणि गायीचे तूप यांचा हा खुसखुशीत पदार्थ तोंडात टाकताच विरतो. जे विरले ते मोजता येत नाही. तूप मात्र ग्रॅममागे नऊ कॅलरींचा आपला नियम देशी गायीसाठीही बदलत नाही. दहा ग्रॅम तूप पचवायला वरच्या भावाने अडीच किलोमीटर चालावे लागते. म्हणून ‘तूप’ असे न लिहिता ‘स्वदेशी’ असे लिहावे. उपवासाच्या दिवशीची साबुदाण्याची उसळ, दाण्याच्या कुटासकट, याच सदरात मोडते.

पायरी पाचवी: एकच चालणे दोनदा जमा करावे

ही पायरी थोडी कौशल्याची आहे. दिवसभराचे लक्ष्य ठरवताना फोन विचारतो, ‘तुमची हालचाल किती?’ तिथे ‘भरपूर’ लिहावे. म्हणजे रोजचे चालणे गृहीत धरून तो आधीच जास्त खायला परवानगी देतो. मग संध्याकाळी तेच चालणे व्यायाम म्हणून पुन्हा नोंदवावे. दोन्हीकडून परवानगी मिळते आणि कोणतीही यंत्रणा हरकत घेत नाही.

पायरी सहावी: उरलेला दिवस विश्रांती घ्यावी

चालून आल्यावर पाणी मागावे, उठून घेऊ नये. जिन्याऐवजी लिफ्ट, पायांऐवजी स्कूटर, दुपारी एक डुलकी. शरीरही या कामी मदत करते. टांझानियातल्या हाड्झा या शिकारी-संकलक लोकांवरचा २०१२ चा अभ्यास सांगतो की दिवसभर चालणाऱ्या या लोकांचा एकूण खर्च, शरीराचे आकारमान लक्षात घेतल्यावर, खुर्चीत बसणाऱ्या शहरी माणसाच्या आसपासच निघतो. शरीर कुठे तरी काटकसर करून घेते. सकाळचा व्यायाम दुपारी भरून काढायचा, हे त्याला आपल्याआधीपासून माहीत आहे.

पायरी सातवी: थोरांचे दाखले द्यावेत, पण अर्धेच

बापू रोज मैलोन्‌मैल चालत, एवढे सांगून थांबावे. त्यांच्या आरोग्याच्या जतन केलेल्या नोंदींत १९३९ सालचे वजन ४६.७ किलो आहे, उंची पाच फूट पाच इंच. हे सांगू नये. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर जे पुस्तक लिहिले, त्यात बैठे काम करणाऱ्याच्या रोजच्या आहाराचे माप आहे: गायीचे दूध दोन पौंड, धान्य सहा औंस, भाज्या सगळ्या मिळून नऊ औंस, तूप दीड औंस, गूळ किंवा साखर दीड औंस, शिवाय फळे रुचीप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे. आजच्या हिशेबाने फळे सोडून हे अठराशे कॅलरींच्या आसपास भरते. त्यात ‘चाललात तर इतके जादा’ असा रकाना नाही.

दांडीयात्रेचा दाखला तर मुळीच देऊ नये. मार्च १९३० च्या अखेरीस, रोज दहा-बारा मैल चालणाऱ्या यात्रेकरूंसाठी सुरतेहून मोटारीतून दूध आणि भाज्या आणल्याचे कळले, तेव्हा भटगामच्या सभेत गांधीजींनी स्वतःसह सर्वांची हजेरी घेतली. चालण्याचा मोबदला मागण्याची सोय त्यांनी तिथेच बंद केली. आश्रमाच्या एकादश व्रतांत शरीरश्रम आणि अस्वाद (चवीसाठी न खाणे) ही दोन व्रते शेजारी शेजारी आहेत. मुमुक्षूने पहिले घ्यावे आणि दुसऱ्याशी फक्त शेजारधर्म पाळावा.

कोणत्या गोष्टींनी ही पद्धत निकामी होते

पुढील चुका केल्यास वजन खरोखर उतरण्याचा धोका आहे.

रोजच्या व्यायामासकट लक्ष्य ठरले असेल, तर जाळलेले वेगळे परत न खाणे. लक्ष्य बैठ्या दिवसाचे धरून ठरले असेल, तर घड्याळाच्या आकड्याच्या निम्मेच परत खाणे, तेही भूक असेल तर. अर्धा-पाऊण तासाच्या फेरीला हिशेबातच न धरणे. आठवड्याच्या सरासरी वजनाकडे तीन-चार आठवडे बघत राहणे आणि घड्याळाऐवजी त्यावरून ताट ठरवणे. तेल चमच्याने मोजणे. ही शेवटची चूक सर्वांत घातक आहे.

ज्यांना ही पद्धत लागू नाही

काही लोकांनी जाळलेले खरोखर परत खायला हवे. तीस-चाळीस किलोमीटर सायकल मारणाऱ्याने, तासन्‌तास दमसासाचा व्यायाम करणाऱ्याने, आणि आधीच फार कमी खाऊन चक्कर येईपर्यंत चालणाऱ्याने. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने तर व्यायाम आणि खाणे यांचा मेळ डॉक्टरांना विचारूनच घालावा. साखर एकदम खाली जाणे हा विनोदाचा विषय नाही.

आणि याच रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बाया. दिवसभर वाकून वेचणी, किलोवर मजुरी. त्यांच्या दिवसात वजनाचा प्रश्न एकदाच येतो, संध्याकाळी काट्यावर, आणि तेव्हा ते जास्त भरावे असे वाटते. भाकरी आणि ठेचा खाताना ‘हे मी कमावले का?’ असे त्यांनी स्वतःला विचारण्याचे काही कारण नाही. खाणे कमवावे लागते ही कल्पना, ज्याला ते आयते मिळते त्याच्याच डोक्यात येते.

शंकासमाधान

*“भाऊ, आज बारा हजार पावलं झाली. एक आलूबोंडा तं चालते ना?”*
चालते. नोंद ‘बटाटा, उकडलेला’ अशी करावी.

*“मी चाललोच नाही, पण घड्याळ सहाशे दाखवून राहिलं.”*
आपण बहुधा भजनात टाळ्या वाजवत होता. सहाशे पुण्यात जमा करावेत; पोह्यांना ते चालणार नाहीत.

*“नवरा माझ्याबरोबर चालतो, माझ्याएवढेच खातो, आणि त्याचेच वजन उतरते.”*
मोठ्या शरीराला तेवढेच अंतर चालायला जास्त कॅलरी लागतात आणि नुसते बसूनही ते जास्त जाळते. ताटे सारखी वाढणे ही समता आहे. काट्याला ती मान्य नाही.

*“या पद्धतीने वजन वाढल्यास तक्रार कोठे करावी?”*
काट्याकडे करू नये. या सगळ्या व्यवहारात सत्याचे व्रत पाळणारा तो एकटाच आहे. आणि अस्वाद तर त्याला जन्मजातच जमला आहे.