नाव सांगा… पुढे?

छत्रपती संभाजीनगरात पुंडलिकनगरच्या मुख्य रस्त्याने गजानन महाराज मंदिराकडे निघालं की विजेच्या खांबांवर चिकटवलेले कागद वाचायला मिळतात. 'वरचा मजला भाड्याने देणे आहे. फक्त फॅमिलीसाठी. शाकाहारी, नोकरदार, सुसंस्कृत, लहान कुटुंबास प्राधान्य. बॅचलर व एजंट क्षमस्व.' खाली मोबाइल नंबर. खोल्या किती, संडास आत की बाहेर, नळाला पाणी कितव्या दिवशी येतं, भाडं किती, डिपॉझिट किती, यातलं एक अक्षर नाही. जाहिरात घराची आणि वर्णन सगळं भाडेकरूचं! 'वधू पाहिजे'च्या जाहिरातीत निदान मुलाचा पगार तरी लिहितात.

नंबर फिरवून बघा. 'रूम आहे का?' 'आहे ना. कोण बोलतंय?' तुम्ही नाव सांगता. पलीकडून एकच शब्द येतो : 'पुढे?' पुढे म्हणजे आडनाव. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव. गावावरूनही झाला नाही तर 'तुमच्यात नॉनव्हेज चालतं का?' आणि तरीही पत्ता लागला नाही तर सरळ 'तुम्ही कोण?' एवढी चौकशी सोयरीक जुळवताना होत असे, आता दहा बाय बाराच्या खोलीसाठी होते. उत्तर मनासारखं आलं की खोली रिकामी असते. नाही आलं की 'आत्ताच सकाळी एकानं टोकन दिलं बघा.' कागद मात्र खांबावर आणखी दीड महिना फडफडत राहतो.

मालकांकडे याचं खास उत्तर तयार असतं. 'पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावी लागते, म्हणून पूर्ण नाव विचारतो.' द्यावी लागते, खरं आहे. पण ती खोली दिल्यावर. शिवाय कायद्याची एवढी चाड असणाऱ्या याच मालकांना भाडेकराराची नोंदणी करा म्हटलं की घाम फुटतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ : करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, जबाबदारी मालकाची, नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम विचारा. 'अहो, आपण घरच्यासारखे, कशाला एवढं?' आडनाव कळेपर्यंत परका असलेला माणूस नोंदणीच्या खर्चाचा विषय निघाला की घरचा होतो.

आता याच शहरात एखाद्या बिल्डरला जाहिरात करायची असेल तर बघा. महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांच्या नियामकाचा, नोंदणी क्रमांक हवा. महारेराच्या संकेतस्थळाचा पत्ता हवा. १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही हवा, नसेल तर पन्नास हजारांपर्यंत दंड. जाहिरातीत खोटी माहिती देऊन पैसे घेतले तर भरपाई. प्रकल्प नोंदवताना बिल्डर 'नमुना ब'मध्ये प्रतिज्ञापत्र देतो, आणि वाटप करताना कुठल्याही ग्राहकाशी भेदभाव करणार नाही असं एक वाक्य त्यातही असतं. ते किती पाळलं जातं हा वेगळा विषय, पण कागदावर आहे. भाड्याच्या खोलीला मात्र यातलं काहीच लागू नाही. फ्लॅटच्या चटई क्षेत्राचा हिशेब कायदा दशांशापर्यंत ठेवतो आणि खांबावरच्या कागदासमोर डोळे मिटतो.

'खासगी मालमत्ता आहे, कायदा काय करणार?' असं वकील मंडळी सांगतात. राज्यघटनेचं कलम १५ मुख्यतः सरकारला बांधतं, हे बरोबर. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेला सदस्यत्व पारशांपुरतं ठेवायची मुभा दिली, हेही बरोबर. पण मग हे ऐका. एचआयव्ही-एड्स कायदा, २०१७ : एचआयव्हीबाधिताला घर भाड्याने नाकारणं हा भेदभाव, मनाई. तृतीयपंथीयांचा हक्क संरक्षण कायदा, २०१९ : राहण्याचा, विकत घेण्याचा, भाड्याने घेण्याचा हक्क नाकारायला मनाई. म्हणजे आपल्या संसदेला हे वाक्य लिहिता येतं. दोन वर्षांच्या अंतराने दोनदा लिहून दाखवलंय. सगळ्या जातिधर्मांसाठी लिहायची वेळ आली की पेनातली शाई संपते. शशी थरूर यांनी २०१७ मध्ये भेदभावविरोधी खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, त्यात घरांचा विषय होता. लोकसभेची मुदत संपली, विधेयक बुडालं. कुणाला चुकचुकल्यासारखंही झालं नाही.

आम्हाला दुखतं ते आमच्यावर आल्यावर. सप्टेंबर २०२३. मुलुंडच्या एका सोसायटीत कार्यालयासाठी जागा बघायला गेलेल्या मराठी महिलेला 'इथे महाराष्ट्रीयन माणसाला जागा देत नाही' असं तोंडावर सांगितलं गेलं. व्हिडिओ पसरला, सर्वपक्षीय संताप झाला, गुन्हा दाखल झाला. संताप योग्यच होता. पण त्या आठवड्यात ज्यांनी स्टेटसला 'मराठी माणसाला महाराष्ट्रातच घर नाही' असं लाल अक्षरांत ठेवलं, त्यांच्यातल्या किती जणांच्या गेटवर 'फक्त आपल्यातल्यांसाठी' या अर्थाची पाटी लटकत होती? मुलुंडला तो अन्याय, पुंडलिकनगरला ती आवड.

यावर एक गोष्ट अमेरिकेतून आणलीय. तिथे १९६८ साली, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात, घरांमधल्या भेदभावाविरुद्ध कायदा झाला. त्यात एक पळवाट ठेवली, ती 'मिसेस मर्फी'ची पळवाट म्हणून ओळखली जाते. मिसेस मर्फी म्हणजे एक काल्पनिक म्हातारी. स्वतः त्याच घरात राहते आणि दोन-तीन खोल्या भाड्याने देते. चार बिऱ्हाडांपर्यंतच्या अशा घरमालकिणीला या कायद्यातून सूट दिली. ओळखीची वाटतेय ना? खाली मालक, वर भाडेकरू, २०×३०चा प्लॉट, जिना बाहेरून. आपली निम्मी गुंठेवारी मिसेस मर्फींनीच भरलेली आहे.

पण गंमत पुढे आहे. सूट मिळालेल्या मिसेस मर्फीलाही जाहिरातीत तसं लिहायची सोय नाही! कुणाला नाही म्हणायचं ते म्हण, पण पाटीवर लिहू नकोस. (वंशाच्या बाबतीत तर १८६६चा आणखी जुना कायदा तिला नकारही देऊ देत नाही.) मेरीलँडमधल्या एका साप्ताहिकाने 'गोऱ्या कुटुंबाच्या घरात तळघरातली सुसज्ज जागा' अशा आशयाची छोटी जाहिरात छापली. १९७२ मध्ये अपील न्यायालयाने ती छापणाऱ्या वर्तमानपत्रालाच जबाबदार धरलं. आपल्याकडे हा नियम आला तर रविवारच्या छोट्या जाहिरातींचं अर्धं पान कोरं निघेल. संपादकांनी एवढ्यावरून हा परिच्छेद कापू नये ही विनंती.

'लिहिलेलं बरं ना, गरिबाची चक्कर तरी वाचते,' असा युक्तिवाद मी ऐकलाय, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. घरी बोलावून, पाणी पाजून, मग आडनाव ऐकून तोंड पाडण्यापेक्षा पाटी बरी, असं नकार पचवलेली माणसंच म्हणतात. पण पाटी फक्त भाडेकरू वाचत नाही. शाळेत जाणारं पोरही वाचतं. आपण कोणत्या खांबापाशी थांबायचं नाही, हे त्याला सातवी-आठवीतच पाठ होतं. गुपचूप दिलेल्या नकारावर पोलीस ठेवता येत नाही. चौकात डिंकाने डकवलेल्या कागदावर ठेवता येतो.

गुपचूप नकाराचीही मोजदाद झालेली आहे बरं. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाडेकरू बनवून माणसांना घरमालकांशी संपर्क साधायला लावला. सवर्ण नाव सांगणाऱ्या एकालाही सरसकट नकार मिळाला नाही. दलितांपैकी साधारण १८ टक्क्यांना आणि मुस्लिमांपैकी ३१ टक्क्यांना मिळाला. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

आणि त्याच्या जवळपास शंभर वर्षं आधीचं उदाहरण तर आपल्याला पाठ असायला हवं. १९१७ साली न्यूयॉर्क-लंडनला शिकून आलेला एक तरुण बडोदा संस्थानात नोकरीला रुजू झाला. मुक्कामाला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. एक हिंदू आणि एक ख्रिश्चन असे दोन मित्र होते, त्यांनीही दार उघडलं नाही. मग संध्याकाळच्या गाडीपर्यंत बागेत बसून राहावं लागलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. त्याच बाबासाहेबांनी १९५० मध्ये आपल्या शहरात महाविद्यालय काढलं. नागसेनवनात वर्गांबरोबर वसतिगृहंही उभी राहिली. खेड्यातून आलेल्या पोराला गावात खोली मिळेल या भरवशावर ते नक्कीच राहिले नसणार. ज्यांना 'पुढे?' ऐकावं लागलेलं असतं, ते आधी वसतिगृह बांधतात.

तेव्हा पुंडलिकनगर, हनुमाननगर, गारखेड्यातल्या समस्त मिसेस मर्फींना आणि मिस्टर मर्फींना एक विनंती. कायदा येईल तेव्हा येईल. पुढचा कागद लिहाल तेव्हा घराबद्दल लिहा. खोल्या किती, मजला कितवा, भाडं आणि डिपॉझिट किती, लाइटबिल वेगळं की एकत्र, गाडी लावायला जागा आहे की नाही, बोअर आहे का, नळ कोणत्या वारी येतो. एवढं लिहिलंत तर कागदावर 'सुसंस्कृत' लिहायला जागाच उरणार नाही. आणि फोन आला की 'पुढे?' म्हणायच्या आधी विचारा, 'कधी बघायला येता?'