अण्णांचे अठ्ठावन्न

प्रस्तुत लेखक स्वस्थ बसलेला असताना त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ५८ पडतात. ही माहिती वाचकांनी मागितलेली नाही, याची त्याला कल्पना आहे. त्याच्या गावी, श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीतही ती कुणी मागितली नव्हती. तरी ती स्टँडवरच्या चहावाल्याला, दौंडच्या गाडीत शेजारी आलेल्या अनोळखी गृहस्थांना, सोसायटीच्या सचिवांना आणि एका दशक्रियेला, पिंडाला कावळा शिवायची वाट बघत ताटकळलेल्या समस्त भाऊबंदांना मिळाली. तिथे मयताचे थोरले चुलते "बरं" एवढंच म्हणाले आणि पुन्हा कावळ्याकडे बघू लागले.

हे सगळं पुण्याच्या पुतण्याने दिलेल्या घड्याळामुळे. घड्याळाच्या पोटाशी हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं. ठोका पडला की मनगटातलं रक्त क्षणभर वाढतं, परत येणारा उजेड तेवढा घटतो, आणि हे चढउतार मोजून घड्याळ आकडा दाखवतं. ते वेळही दाखवतं, पण ती लेखक भिंतीवरच्या घड्याळात बघतो.

मोठ्या माणसाचे विश्रांतीतले ठोके मिनिटाला ६० ते १०० असले की डॉक्टर त्यांना नॉर्मल म्हणतात. तान्ह्या बाळाचे याहून कितीतरी जास्त असतात आणि वयाबरोबर उतरत जातात. ही ४० ठोक्यांची ऐसपैस मोकळीक लेखकाला मुळीच रुचली नाही. ९५ वाला नापास नाही आणि ६५ वाल्याला बक्षीस नाही, अशा परीक्षेला बसायचं कशाला? पण आणखी वाचल्यावर त्याला कळलं, की कसलेल्या खेळाडूंचे ठोके साठाच्या खाली, कधी कधी चाळिशीतही असतात. त्या क्षणी लेखक खेळाडू झाला.

नगरच्या हद्दीला लागून असलेल्या आष्टी तालुक्यात मांडवा नावाचं गाव आहे. अविनाश साबळे तिथला. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ साली हांगझोऊच्या एशियाडमध्ये सुवर्ण मिळवलं. लांब पल्ल्याच्या धावपटूचं हृदय वर्षानुवर्षांच्या सरावाने दणकट होतं, एका ठोक्याला जास्त रक्त ढकलतं, त्यामुळे बसल्या जागी त्याचं थोड्या ठोक्यांत भागतं. लेखकाचा सराव म्हणजे डेअरीला दूध घालायला जाणं, तेही किटली मोटारसायकलला अडकवून. एवढा किरकोळ फरक सोडला, तर आपण आणि साबळे एकाच गटात मोडतो, असं तो मनात धरून चालला होता.

आणखी एक फरक तालुक्याच्या डॉक्टरांनी दाखवून दिला. रक्तदाबासाठी लेखक रोज सकाळी जी गोळी घेतो, ती बीटा-ब्लॉकर जातीची आहे. ठोके संथ करणं हे तिचं कामच. डॉक्टर हे अगदी सहज बोलून गेले. सहज, म्हणजे लेखक त्यांना साबळेची कारकीर्द ऐकवत असताना. थायरॉइड मंदावलं तरी ठोके कमी होतात, हृदयातल्या विजेच्या वाटेत अडथळा आला तरी होतात. आकडा कमी असून चक्कर येत असेल, भोवळ येत असेल, तर मिरवण्यापेक्षा ईसीजी काढलेला बरा, असंही ते म्हणाले. या ५८ पैकी आपले किती आणि गोळीचे किती, असं लेखकाने विचारलं. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

खरं तर हृदयाला त्याच्या मर्जीवर सोडलं तर ते मिनिटाला शंभराच्या आसपास पळतं. त्याच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक पुंजका असतो, सायनस नोड. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी त्याचं वर्णन १९०७ साली प्रसिद्ध केलं. ठोक्याची ठिणगी तिथे पडते. मेंदूकडून उतरणारी व्हेगस नावाची नस त्या पुंजक्याला सतत वेसण घालून असते, म्हणून आपण साठ-सत्तरवर निवांत असतो. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. अशा शस्त्रक्रियेत ही नस तुटते, आणि म्हणून बसवलेलं हृदय माणूस झोपून असला तरी ९० ते ११० च्या चालीने चालतं.

वेसणीचा विषय निघाला की काष्टीचा माणूस शनिवारच्या बाजारात शिरतो, त्याला इलाज नाही.

जनावरांच्या या बाजारात खिल्लार खोंडापासून एचएफ गाईपर्यंत सगळ्यांची कसून पारख होते. दात बघतात: आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. शिंगं, खूर, वशिंड, चाल बघतात, अंगावरचा भोवरा शुभ की अशुभ ते बघतात. गाईची कास चाचपतात, कितवं वेत ते विचारतात. नाडी मात्र कुणी बघत नाही. ती बघता येते. पशुवैद्य गाई-बैलाची नाडी शेपटीच्या खालच्या अंगाला, बुडाजवळच्या धमनीवर बोटं टेकवून मोजतात, घोड्याची जबड्याखाली. मोठ्या गाईचे ठोके मिनिटाला साधारण ४८ ते ८४, शेळी-मेंढीचे ७० ते ८०, घोड्याचे २८ ते ४०, हत्तीचे तिशीच्या आसपास. कोंबडीचे अडीचशेच्या वर, उंदराचे त्याच्याही दुप्पट. सहसा देह जेवढा थोर, तेवढा ठोका सावकाश. निळ्या देवमाशाच्या अंगाला यंत्र चिकटवून अमेरिकी संशोधकांनी २०१९ साली आकडे प्रसिद्ध केले, तर खोल बुडी मारलेली असताना त्याचे ठोके मिनिटाला दोनवर आले होते. दोन! लेखकाला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

५८ हा आकडा या कोष्टकात गाई-बैलांच्या रांगेत चोख बसतो, ही गोष्ट लेखकाने जनावरांचा व्यापार करणाऱ्या एका जाणत्या हेड्याला बाजारात सांगितली. शेपटीखालच्या नाडीचंही सांगितलं. हेड्याने तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं.

"आण्णा, मागं जाऊन शेपूट उचलायचं म्हंजे आधी बैलाला इचारायला पायजे."

"पण जनावर निरोगी आहे का, ते कळतं."

"कळतंय की. लाथ कुठवर पोचती तेबी कळतंय." मग लेखकाला नखशिखांत न्याहाळून तो म्हणाला, "तुमचं दात जुळून लई वर्सं झाली, न्हाई का?"

तरीही लेखकाचा हेका सुटलेला नाही. भाव ठरवताना दोघे जण रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडे सांगतात. चेहरे दगडासारखे. समोर उभ्या गर्दीला पत्ता लागत नाही. पण अंगठ्याच्या मुळाशी धमनी असते, आणि तिला रुमालाखाली गप्प बसता येत नाही. बोटं जरा मागे सरकवून समोरच्याचे ठोके मोजले, तर "यात परवडत नाही" म्हणणाऱ्याला खरंच परवडत नाही की काय, ते अर्ध्या मिनिटात कळेल. ही युक्ती लेखकाने अजून कुणाला विकलेली नाही. मोजायची रीत मात्र फुकट आहे: तर्जनी आणि मधलं बोट हलकेच टेकवायचं, अंगठा नाही, कारण अंगठ्याला स्वतःचा ठोका असतो आणि तो मोजणाऱ्याला चकवतो. आधी पाच मिनिटं शांत बसायचं. चहा, विडी, जिना आणि भाऊबंदकीची चर्चा यांच्यानंतर लगेच मोजायचं नाही. सकाळी उठण्याआधी अंथरुणात मोजलेला आकडा सगळ्यात भरवशाचा. तो शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडून बघण्यात काही अर्थ नसतो. आपला नेहमीचा ७० वरून कारण नसताना ९० वर जाऊन तिथेच राहिला, तर तो नव्वद शंभरच्या आत असूनही विचारात घेण्यासारखा असतो.

आता राहिली घरातली गोष्ट. ती लेखकाने बाजारात सांगितली नाही.

आपला आकडा किती उठून दिसतो हे बघण्यासाठी त्याने एका दुपारी घड्याळ पत्नीच्या हातात बांधलं. त्या ओट्याजवळच्या पाटावर चांगली पंधरा मिनिटं बसून लसूण सोलत होत्या. आकडा आला १०४. दिवा पुसून पुन्हा बघितला, १०६. लेखकाने हा फरक जवळजवळ दुपटीचा असल्याचं जाहीर केलं.

"अहो, आमचं असंच असतं," त्या म्हणाल्या. "जिना चढलं की कानात धडधड ऐकू येते. दोन वर्षं झाली की."

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८ निघालं. मोठ्या बाईचं ते निदान १२ असावं लागतं. रक्तात प्राणवायू वाहणारं द्रव्यच कमी पडलं, की हृदय तीच वाहतूक जास्त खेपा करून भागवतं. म्हणून बसल्या जागी ठोके शंभरीपार. ताप, अंगातलं पाणी कमी होणं, थायरॉइड जास्त चालणं, काळजी, अशी कारणं आणखीही असतात, पण आपल्याकडे बाईचा ठोका वाढलेला असला तर आधी रक्त बघावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ साली, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी आढळल्या. लेखकाच्या पत्नी पन्नाशीच्या पुढच्या, त्यामुळे त्या या आकड्यातही धरलेल्या नाहीत.

लेखकाला खरी चीड आली ती डेअरीच्या पावत्या बघून. खुंटीला तारेत ओवलेल्या त्या पावत्यांवर गाईच्या दुधाचं फॅट आणि एसएनएफ छापून येतं, सकाळचं वेगळं, संध्याकाळचं वेगळं. फॅट जरा घसरलं की घरात चर्चा होते, पेंड बदलतात, डॉक्टर गोठ्यात येतात. धारा काढणाऱ्या बाईच्या रक्ताचा एकही कागद त्या घरात नव्हता. उसाच्या हंगामात याच रस्त्याने कोपीचं सामान लादून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पहाटेच्या अंधारात मोळ्या वाहणाऱ्या बायकांच्या मनगटावर बोटं कोण ठेवतं? उसाचा काटा होतो, साखरेचा उतारा दशांशापर्यंत काढतात. बाईला धाप लागली तर ती दमली, एवढ्यावर निदान संपतं.

डॉक्टरांनी रक्त कुठे कमी होतंय याच्या तपासण्या सांगितल्या, जंताची गोळी दिली आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. घड्याळ पत्नीच्या हातात गेलं ते तिथेच राहिलं. आकडा हळूहळू शंभराच्या आत येतो आहे. पण लोहाच्या गोळीच्या आगेमागे चहा चालत नाही, चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबू मात्र चालतं, त्याने ते जास्त लागतं. तेव्हा दुपारचा चहा लेखकाने स्वतःचा स्वतः करून घ्यावा आणि त्याआधी एक पेला लिंबूपाणी करून द्यावं, असा ठराव घरात बहुमताने, म्हणजे एका मताने, मंजूर झाला. श्रीगोंदा तालुका लिंबांचा. पण ऐन उन्हाळ्यात भाव असा चढतो की घरच्यासाठी विकत घेताना हात आखडतो. शेजारच्या बांधावर एक भरलेलं झाड आहे. त्याच्या मालकाशी लेखकाचं हद्दीवरून गेली कित्येक वर्षं बोलणं नाही. परवा लेखक स्वतः होऊन बोलायला गेला, रुमाल बरोबर घेऊन.