गोंदिया ते न्यूयॉर्क किती तास? नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

पोराच्या टेबलावरचा पृथ्वीगोल घ्या. भिंतीवरचा नकाशा नको, त्यात अमेरिका थेट पश्चिमेला दिसते आणि माणूस उगाच अरबी समुद्राकडे तोंड करून बसतो. दोऱ्याचं एक टोक गोंदियावर अंगठ्यानं दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि दोरा ताणा. तो दिल्लीवरून, मध्य आशिया-रशिया करत ग्रीनलंडला जाऊन मग खाली उतरेल. अंतर सुमारे १२,६०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९०० धरला, तर १४ तास. उत्तर आलं. ते घरात कोणाला सांगू नका.

आता अंगणात या. डोक्यावर घरघर ऐकू येईल, पण हुरळून जाऊ नका. ती गोंदियाच्या बिरसी विमानतळावरच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेची शिकाऊ विमानं. दिवसभर उडतात आणि बहुतेक वेळा उडाली तिथंच उतरतात. धावपट्टी इंग्रजांनी १९४० मध्ये महायुद्धासाठी बांधली. तिथून प्रवासी विमान सुटायला मार्च २०२२ उजाडलं: इंदूर-गोंदिया-हैदराबाद. काही महिन्यांत तेही बंद. १ डिसेंबर २०२३ ला पुन्हा हैदराबादची सेवा सुरू झाली. म्हणून किती तास हे नंतर. आधी विमान आहे का, ते बघा. असलं आणि हैदराबादचंच असलं, तर न्यूयॉर्कला निघालेले तुम्ही पहिले पाचशे किलोमीटर दक्षिणेला जाल. दोरा गुंडाळून ठेवा.

नसलं तर विदर्भ एक्स्प्रेस आहेच. दुपारी गोंदियात बसा, दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई. हजारेक किलोमीटरला हिशेबातल्या त्या १४ तासांपेक्षा जास्त वेळ लागेल, पण निदान खालचा बर्थ मागता येतो. पुढे विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, आणि गाडीला उशीर होईल या धास्तीनं तुम्ही आदल्या दिवशीच पोचणार. तोही दिवस धरा.

सामानासाठी वेगळा वेळ ठेवा. धानाच्या जिल्ह्यातून निघताना आजी चिन्नोर तांदळाची पिशवी बॅगेत कोंबणारच. खापरा भुंग्याच्या भीतीनं भारतातून असा तांदूळ नेलेला अमेरिकेत चालत नाही. हे आजीला समजावायला, ‘आपल्या तांदळात कुठं आला बाप्पा भुंगा’ हे ऐकून घ्यायला आणि पिशवी काढून पुन्हा कुलूप लावायला एक अख्खी संध्याकाळ जाते.

राहिलं घड्याळ. न्यूयॉर्क आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तास. मुंबईहून मध्यरात्रीनंतर थेट विमानानं निघालात, तर तिथल्या त्याच तारखेच्या सकाळी उतराल. घरी फोन करून ‘सकाळी पोचलो’ म्हणू नका. मामाजी वजाबाकी करून सगळ्या आळीला सांगतील, पाच-सहा तासांत पोचला म्हणून.