विहित मर्यादेत

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस ओळखायचा असेल, तर त्याला गळका नळ दाखवावा. इतर कुणीही प्लंबरला फोन लावील. हा आधी नळाखाली मापाचं भांडं ठेवील आणि घड्याळाकडे बघील.

आमच्या इमारतीतले साहेब या जातीचे. शाखा अभियंता म्हणून लागले, उपअभियंता होऊन सुटले. निम्मी नोकरी नाशिक-नगरच्या धरणांच्या पायथ्याशी, झिरपणारं पाणी मोजण्यात गेली. भंडारदरा १९२६ साली पुरं झालं, ते दगडी. आपलं गंगापूर मातीचं, आणि मातीचं धरण पाझरणारच, हे ते कुणालाही सांगतात, अगदी लिफ्टमध्ये भेटलेल्या गॅसवाल्यालासुद्धा. पाझर एकाएकी थांबला तर उलट काळजी करावी म्हणे. खालच्या चरात त्रिकोणी खाच पाडलेला पत्रा बसवायचा, त्याला व्ही नॉच म्हणतात. खाचेतून पाणी किती उंचीने वाहतंय ते पट्टीवर वाचायचं आणि सूत्रात घालायचं. पाणी नितळ असेल तर जेवायला जायचं, गढूळ आलं तर वरिष्ठांना झोपेतून उठवायचं.

आणि गावकरी ओरडत आले किंवा वार्ताहर आला, की साहेबांचं ठरलेलं वाक्य: ‘गळती विहित मर्यादेत आहे. घाबरण्याचे कारण नाही.’

जन्मभर खात्याच्या जीपमध्ये डावीकडे बसलेल्या या माणसाने ग्रॅच्युइटीतून मोटरसायकल घेतली. ३५० सीसी, काळीभोर, टाकीवर सोनेरी रेघ. वहिनींनी हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि ‘अहो, या वयात’ एवढंच म्हणून पुढचं वाक्य गिळलं. पाचशे किलोमीटरला पहिली फ्री सर्व्हिस झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखालच्या पेव्हर ब्लॉकवर रुपयाएवढा तेलाचा डाग.

नवी गाडी गळायला लागली, की सर्वसाधारण माणूस आधी शेजारच्या गाडीकडे संशयाने बघतो आणि मग शोरूमच्या नावाने बोटं मोडतो. साहेबांनी पुठ्ठा आणला. रात्री गाडीखाली नवा पुठ्ठा, सकाळी सहाला वाचन. शंभर पानी वहीत रकाने आखले: दिनांक, वेळ, किलोमीटर, डागाचा व्यास मिलीमीटरमध्ये, रंग, शेरा, वाचन घेणाऱ्याची सही. साक्षीदार म्हणून वॉचमनचीही सही. एका ओळीत ‘सप्तशृंगगडावर मुक्काम असल्याने वाचन घेता आले नाही’ अशी नोंद मी स्वतः वाचली आहे. पुठ्ठे फेकायचे नाहीत, मागे तारीख घालून जिन्याखाली रचायचे. वहिनींनी त्यातला एक फोडणीच्या कढईखाली घातला, तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता.

पार्किंगमध्ये कुणाची गाडी गळते म्हटल्यावर सल्लागार जमणारच. दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, ‘इंजिन नाही हो, चेनला मारलेलं ल्यूब स्प्रॉकेटवरून उडतंय.’ साहेबांनी डागावर बोट फिरवलं, चिमटीत चोळलं, वास घेतला. ‘चेनचं काळं आणि चिकट असतं. हे पातळ आणि पिवळसर आहे.’ थोडं थांबून म्हणाले, ‘नितळ आहे.’ चेहऱ्यावर चक्क समाधान. कुणी म्हणालं, सर्व्हिसला तेल जास्त भरलं असेल, ते ब्रीदरवाटे बाहेर पडतं. साहेबांनी गाडी सपाट जागी मेन स्टँडवर चढवली, तेल खाली बसू दिलं आणि काचेतली पातळी दाखवली: दोन रेघांच्या बरोबर मध्ये. ‘साइड स्टँडवर घेतलेलं वाचन रद्द समजावं,’ हे वर. जिमवाला पोरगा पाना घेऊन आला, ‘काका, ड्रेन बोल्ट मारू का टाइट?’ तेव्हा मात्र साहेब गाडीच्या आडवे झाले. ॲल्युमिनियममधले आटे एकदा गेले की नऊ रुपयांचा आजार नऊ हजारांवर जातो, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे.

तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले, आमच्या वेळी गाड्या गळायच्याच, गळतंय म्हणजे आत तेल आहे असं समजायचं. त्यावर साहेबांनी व्याख्यान दिलं. जुन्या इंग्रजी गाड्यांचं क्रँककेस उभं चिरलेलं असायचं, त्यामुळे सांधा तळापर्यंत तेलातच. होंडाने १९६९ साली सीबी ७५० आणली, तिचं आडवं चिरलेलं. ‘म्हणजे भेग पाण्याच्या पातळीच्या वर! ज्याने हे केलं तो माणूस आमच्या खात्यात पाहिजे होता.’ आजोबा तोवर झोपले होते.

अखेर वही काखेत मारून साहेब शोरूमला गेले. मला सोबत घेतलं. सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणजे पंचविशीतला पोरगा, हातात टॅब, छातीवर नावाची पट्टी. त्याने वाकून पाहिलंही नाही.

‘सर, हे लीकेज नाही, सीपेज आहे. लिमिटमध्ये आहे. टेन्शन घेऊ नका.’

साहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. तीस वर्षं दुसऱ्यांना पाजलेला काढा पहिल्यांदाच त्यांच्या घशाखाली उतरत होता.

‘लिमिट किती?’ त्यांनी कसंबसं विचारलं.

‘म्हणजे?’

‘विहित मर्यादा किती? आणि तुम्ही मोजली कशाने?’

‘सर, आपण ऑब्झर्वेशनखाली ठेवू या. पुढच्या सर्व्हिसला बघू.’

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता स्फोट होणार. साहेब म्हणाले, ‘पोरगा हुशार आहे. आमच्याकडे असता तर लवकर वर चढला असता.’

घरी येऊन मात्र ते ईर्ष्येला पेटले. इंजिन डीग्रीझरने धुतलं, कोरडं पुसलं, आणि वहिनींचा टाल्कम पावडरचा अख्खा डबा त्यावर शिंपडला. गाडी त्र्यंबक रोडने सातपूरपर्यंत फिरवून आणली. सिग्नलला लोक वास घेत वळून बघत होते. वाऱ्याने तेल मागे आणि उताराने खाली जातं, त्यामुळे थेंब पडतो एकीकडे आणि भोक असतं दुसरीकडे. पांढऱ्या पावडरवर ओली रेघ स्वच्छ उठली होती: ऑइल फिल्टरच्या झाकणाच्या खालच्या कडेपासून ड्रेन बोल्टपर्यंत. सर्व्हिसला फिल्टर बदलताना झाकणाची ओ रिंग चिमटली होती, एवढंच. रेघेचा फोटो काढून साहेब पुन्हा शोरूमला गेले. तो पाहिल्यावर आतल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने काही न बोलता झाकण उघडलं, कापलेली रिंग साहेबांच्या तळहातावर ठेवली आणि नवी बसवली.

आता वहीत रोज ‘निरंक’. पण साठ वर्षांच्या माणसाने सकाळी सहाला उठून निरंक किती दिवस लिहावं? साहेबांनी कार्यक्षेत्र वाढवलं. टॉर्च घेऊन सगळ्या पार्किंगची पाहणी सुरू झाली. जिमवाल्याचा पुढचा फोर्क सील पाझरतोय, दुसऱ्या मजल्याच्या कारखाली पडतंय ते एसीचं पाणी, सारं वहीत.

परवा माझ्या स्कूटरखाली ताटलीएवढं काळं थारोळं साचलं. मी घाबरून साहेबांना गाठलं. त्यांनी टॉर्च मारला, वही उघडली, चष्मा सावरला.

‘विहित मर्यादेत आहे. घाबरण्याचे कारण नाही.’

‘अहो साहेब, पण मोजलं कशाने?’

‘अनुभवाने,’ म्हणाले, आणि सहीसाठी वही माझ्यापुढे केली.