अंगठा कोणाचा?

"ताई, ऐकलं का वो? आमचा पोट्टा एका मोठ्या कंपनीचं गुपित फोडून राहिला!"

काकूंनी ही बातमी दिली ती कूलरमध्ये पाइपाने पाणी सोडता सोडता, म्हणजे अख्ख्या गल्लीला पुरेल एवढ्या आवाजात. आमच्या चंद्रपूरच्या तुकुममध्ये मे महिन्यात दिवस मावळल्याशिवाय अंगणात कोणी फिरकत नाही. पारा ४५ च्या पुढे गेलेला, भिंती रात्री उशिरापर्यंत तापलेल्या. पण कूलरच्या टाक्या भरायची वेळ झाली की सगळे बाहेर. मग कंपाउंडच्या भिंतीवर टॉवेल टाकायचा, त्यावर कोपर टेकायचं आणि जगाचा निकाल लावायचा.

पोट्टा म्हणजे काकूंचा भाचा. मूळचा वडशाचा, इथे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो आणि रात्री स्वतःच्या चॅनेलवर फोनचे व्हिडिओ टाकतो. आयटीआयमधला त्याचा एक दोस्त दिल्लीकडे फोन जोडणीच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत लागला आहे. त्याने बाजारात न आलेल्या एका फोनचे चार फोटो पाठवले होते. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर पुढचा सगळा वादच फुकट.

"गुपित-गिपित काही नाही जी," भाचा म्हणाला. "लीक म्हणतात याले. सारे टाकतात. अन् कंपन्यायले ते पाहिजेच असते. फुकटची जाहिरात होते."

पोरगं अगदीच चूक बोलत नव्हतं. २०१९ च्या जूनमध्ये पिक्सेल ४ ची चित्रं इकडून तिकडून बाहेर आली, तेव्हा गुगलने कोणावर डोळे वटारले नाहीत. फोनच्या पाठीचा फोटो स्वतःच टाकून मोकळे झाले, तेही फोन जाहीर व्हायच्या चार महिने आधी. पुण्याकडे तर हे रोजचंच. चाकण-पिंपरीच्या रस्त्यांवर काळ्या-पांढऱ्या नक्षीचं आवरण गुंडाळलेल्या नव्या गाड्या चाचणीला फिरतात आणि त्यांच्या मागे मोटरसायकलवर एखादा हौशी मोबाइल रोखून असतो. दुसऱ्या दिवशी फोटो सगळीकडे. गाडी रस्त्यावर आणली म्हणजे लोक बघणार, हे कंपनीलाही ठाऊक असतं; नक्षी काही शोभेसाठी चिकटवत नाहीत.

"मी तेच म्हणतो!" मागच्या भिंतीवरून गुरुजी उगवले. एटापल्लीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात घालवून आता आमच्या मागे राहतात. त्यांना बातमी दोन भिंती ओलांडूनही ऐकू येते. "माणूस आज १५ हजार मोजून फोन घेते अन् दोन महिन्यांनी त्याच पैशात नवा येते. त्याले आधी कळलं तर बिघडलं काय? बातमी देणाऱ्यानं कंपनीचं वेळापत्रक कायले सांभाळावं?"

"रस्त्यावरची गाडी अन् कारखान्यातला फोन सारखा कसा होईन गुरुजी?" काकूंनी पाइप दुसऱ्या टाकीत टाकला. "गाडी त्यायनंच रस्त्यावर आणली. हा फोटो आतून काढला."

मग मी २०१० ची गोष्ट काढली. या विषयात ती सांगितल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

मार्च महिना, कॅलिफोर्नियातलं रेडवुड सिटी. ॲपलचा एक तरुण इंजिनिअर वाढदिवसाच्या दिवशी बियर बारमध्ये बसला होता. खिशात आयफोन ४ चा नमुना. कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून आधीच्या आयफोनच्या कव्हरात घातलेला. उठताना फोन तिथेच राहिला.

"वाढदिवसाले बियर बार!" काकूंना गोष्ट आवडली. "मग?"

मग तो ज्याच्या हाती लागला त्याने तो गिझमोडो या टेक-वेबसाइटला विकला, ५,००० डॉलरला. ॲपलने फोन लांबूनच बंद पाडला होता. गिझमोडोने तो खोलून आतले भाग दाखवले आणि १९ एप्रिलला सगळ्या जगाने पाहिला. ॲपलने लेखी मागितल्यावर फोन परत दिला. पण बातमीनंतर चार दिवसांनी पोलिसांनी संपादकाच्या घराचं दार फोडून संगणक उचलून नेले. त्यावर वेगळा गदारोळ: पत्रकाराच्या घरात असं शिरता येतं का? पुढच्या वर्षी सरकारी वकिलांनी ठरवलं की बातमी छापणाऱ्यांवर खटला भरायचा नाही. खटला झाला तो विक्रीत गुंतलेल्या दोघांवर. वर्षभर प्रोबेशन, ४० तास समाजसेवा आणि ॲपलला प्रत्येकी २५० डॉलर भरपाई.

"आपल्याकडेही हेच," गुरुजींना कलमं तोंडपाठ. "सापडलेल्या वस्तूचा मालक कोण हे माहीत असून ती आपली म्हणून वापरली, तर गुन्हा होते. आधी दंडसंहितेचं ४०३ होतं, आता न्याय संहितेचं ३१४."

"ते सारं राहू द्या," काकू म्हणाल्या. "ज्याचा फोन हरवला त्या पोराचं काय झालं?"

काकूंनी नेमकं तेच विचारलं. गिझमोडोने फोनच्या बातमीपाशी थांबायचं सोडून त्या इंजिनिअरचं नाव आणि फोटोही छापला. फोन कोणत्या बारमध्ये राहिला, तो तिथे काय पीत होता, सगळं चवीने. नमुना दाखवण्यात निदान वाचकाला काही नवं मिळालं. पोराचं नाव दाखवून कोणाला काय मिळालं? आयफोन ४ त्याच जूनमध्ये थाटात जाहीर झाला, धडाधड खपला. ॲपलचं काही अडलं नाही. त्या माणसाचं नाव मात्र आजही नेटवर टाकलं की आधी बारच वर येतो.

"म्हणजे बिल त्याच्याच नावानं फाटलं," काकू म्हणाल्या.

"पण तो विकत घेतलेला होता," भाचा हटेना. "मी पैसे कुठं देऊन राहिलो? दोस्तानं प्रेमानं पाठवले."

प्रेमाची गोष्टही आहे. ऑक्टोबर २०१७. ॲपलच्या दुसऱ्या एका इंजिनिअरची मुलगी वडिलांना भेटायला त्यांच्या ऑफिसात गेली, जेवली, आणि वडिलांच्या हातातला आयफोन टेन घेऊन व्हिडिओ केला. फोन तोवर जाहीर झालेला होता, फक्त दुकानात यायचा होता. कंपनीने सांगितल्यावर मुलीने व्हिडिओ काढूनही टाकला. तोवर तो पसरला होता. वडिलांची नोकरी गेली.

काकूंनी नळ बंद केला. "पोरीनं बापाची नोकरी घालवली? तेही हौसेनं?"

क्षणभर भाचा गप्प. पण गुरुजींनी वाद सोडला नव्हता, आणि त्यांचा पुढचा मुद्दा बिनतोड होता.

"२०१६ चा सॅमसंगचा नोट सेव्हन आठवते? ऑगस्टात आला, बॅटऱ्या पेटायले लागल्या, ऑक्टोबरात कायमचा बंद. आपल्याकडे विक्रीले येण्याआधीच विमानात तो वापरायची मनाई झाली. आता समजा, असाच एक फोन आहे. चाचणीत बॅटरी पेटली, साहेबांनी दाबून टाकलं, अन् लाइनीवरच्या एखाद्या पोरानं फोटो बाहेर दिला. त्याले चोर म्हणाल?"

कोणीच म्हणणार नाही. उलट अशा पोराला सांभाळायला हवं. आपल्याकडे गैरकारभार उघड करणाऱ्या जागल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, तो सरकारी कारभारापुरता, आणि तोही लागू करायचा राहिलाच आहे. खासगी कारखान्यातल्या ठेकेदाराच्या माणसाला त्याचा उपयोग शून्य. व्यापारी गुपितांचाही वेगळा कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ च्या अहवालात एक मसुदा सुचवला. तोवर नोकरीच्या वेळी सही केलेला कागद दाखवून कंपनी कामावरून काढते आणि विषय संपतो.

"बरं," गुरुजी भाच्याकडे वळले, "तुह्या फोटोत पेटणारी बॅटरी आहे का?"

"नाही जी. कॅमेरे आहेत. तीनच्या जागी चार."

गुरुजींचा चेहरा पडला. त्यांनी एवढा मोठा दाखला दिला आणि पदरात पडला चौथा कॅमेरा. मग स्वतःवरच चिडल्यासारखे म्हणाले, "आपल्या लोकांचंही नवलच आहे. खाण वाढवायची तर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे अहवालाचा मसुदा जनसुनावणीच्या आधी उघडा ठेवावा लागते. किमान ३० दिवसांची मुदत, सारांश लोकांच्या भाषेत. सुरजागडच्या लोखंडाच्या खाणीची सुनावणी २०२२ च्या ऑक्टोबरात गडचिरोलीत झाली. माह्या ओळखीच्यांपैकी तो सारांश किती जणांनी उघडून पाहिला असेल? अन् हा चौथा कॅमेरा पाहायले लाख जण येतील. जे उघडं आहे ते वाचायचं नाही अन् झाकलेलं दिसलं की माना लांब करायच्या."

काकूंचा दीर मोहर्लीच्या गेटवर जिप्सी चालवतो. त्यामुळे ताडोब्याचा विषय कोणत्याही चर्चेत निघतोच. आज तो योग्य जागी निघाला.

"भाऊजी सांगतात ना," काकू म्हणाल्या, "वाघाचा फोटो टाकला तर कोणाचं काही जात नाही. पण पिलंवाली वाघीण कोणत्या पाणवठ्यावर बसते ते टाकलं, की झालं."

तेही खरंच. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात जिप्स्यांनी वाघीण आणि तिची पिलं दोन्ही बाजूंनी अडवली. त्याचे व्हिडिओ फिरले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक-गाइड निलंबित झाले. त्यानंतर महिन्याच्या आत आपल्या राजुऱ्यात परराज्यातल्या टोळीचा वाघांचा शिकारी पकडला गेला. वाघाच्या ठावठिकाण्याला किंमत देणारे फक्त पर्यटक नसतात. सफारीच्या गाडीत मोबाइल नको म्हणतात ते उगाच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही व्याघ्र प्रकल्पांच्या गाभाक्षेत्रात पर्यटकांच्या मोबाइलला मनाई करायला सांगितलं.

"माह्या फोटोत कुठं जागा आहे?" भाच्याने मोबाइल भिंतीवरून पुढे केला. "पाय ना आत्या. फोनच तर आहे नुसता."

काकूंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. पहिला फोटो पाहिला, दुसरा पाहिला. तिसऱ्यावर थांबल्या आणि दोन बोटांनी मोठा केला. मीही वाकून बघितलं. हिरवट रबरी चटईवर उघडा फोन. चार कॅमेरे, शेजारी बारकोडची चिठ्ठी. ती भाच्याने व्यवस्थित पुसट केलेली. फोनच्या कडेला धरणाऱ्याचा अंगठा. नखाचा अर्धा भाग काळा पडलेला, दारात चेपल्यावर पडतो तसा. मनगटाला वायर जोडलेला निळा पट्टा. आणि चटईच्या कोपऱ्यावर मार्करने लिहिलेला टेबलाचा आकडा.

"हा अंगठा कोणाचा?"

"त्याचाच... दोस्ताचा."

"आणि त्याच्या सुपरवायझरले हे नख ओळखू येणार नाही?"

भाच्याने मोबाइल परत घेतला आणि बराच वेळ बघत राहिला. बारकोड पुसताना त्याची सगळी नजर फोनवर होती. धरणारा हात त्याला दिसलाच नव्हता. मग मी आणखी भर घातली. नमुन्यांवर बहुतेक वेळा प्रत्येकाचा वेगळा क्रमांक असतो, आणि फोटोच्या फाइलीतच तो कधी आणि कुठे काढला हे लिहिलेलं असू शकतं. अंगठा कापून टाकला तरी माग निघतोच. आणि समजा अगदी काहीच माग निघाला नाही, तर त्या टेबलावरच्या सगळ्यांवर संशय. ज्याने फोटो काढला नाही त्याचीही हजेरी बंद.

"फोन लाव त्याले," काकूंचा हुकूम. "स्पीकरवर."

दोस्त शिफ्ट संपवून नुकताच खोलीवर आला होता. भाच्याने आडवळणाने विचारलं. पलीकडून आधी हसणं, मग, "टाक ना बे, भेटतील व्ह्यूज." अंगठ्याचं सांगितल्यावर हसणं थांबलं. ठेकेदाराचा करार लवकरच संपणार होता, पुढे वाढेल असं कोणीतरी बोललं होतं, बहिणीच्या नर्सिंगची फी याच्याच पगारातून जात होती. "राहू दे मग," तो म्हणाला. "डिलीट करून टाक यार."

गुरुजींनी तरीही बजावलं, "हे या वेळचं झालं. पेटणारी बॅटरी आली तर मात्र दाबायचं नाही. नाव लपवून, हात लपवून, पण सांगायचं."

"तेव्हा मीच सांगेन भिंतीवरून," काकू म्हणाल्या. "माहा आवाज दिल्लीपर्यंत जाते."

तीन आठवडे गेले आणि कंपनीने स्वतःच फोनच्या पाठीचा फोटो टाकला. चार कॅमेरे, मागे सूर्यास्त, वर 'लवकरच'. भाचा भिंतीपाशी येऊन धुमसत होता. "पायलं आत्या? त्यायनंच टाकला. मी आधी टाकला असता तर चॅनेल वर गेलं असतं. आता कोणी दुसराच खाऊन राहिला व्ह्यूज."

"त्या दोस्ताची नोकरी आहे ना?"

"आहे. करार वाढवला म्हणे सहा महिन्यांनी."

"मग!"

मागच्या भिंतीवर गुरुजी टॉवेल टाकून तयारच होते, आणि आज भलतेच खुशीत. "त्या संध्याकाळी चार कॅमेऱ्यांचं ऐकलं म्हणून मी आधीचा फोन घ्यायचा थांबलो होतो. आज त्याची किंमत दोन हजारांनी उतरली. घेऊन आलो!"

म्हणजे बातमी फुटलीच होती. फक्त तुकुमच्या बाहेर गेली नव्हती.

"मग गुरुजी," काकूंनी भिंतीवरून हात पुढे केला, "त्यातले पाचशे पोट्ट्याचे. काढा."