चाळीसचा सूर

आमच्या पिकअपला सूर लागला तो दिवाळीनंतर कधीतरी. नेमकी तारीख सांगता यायची नाही. टक्कल पडायला कोणत्या दिवशी सुरुवात झाली हे कुणी वहीत लिहून ठेवत नाही, तसंच ते.

'आमची' पिकअप म्हणजे गाडी मेहुण्याची, पैसे अर्धे माझे. जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झालो, हातात थोडी रक्कम आली, तेव्हा मेहुणा म्हणाला, "दाजी, बँकेत पैसा झोपून राहतो. गाडीवर टाका, पळंल तरी." तेव्हापासून माझा पैसा धर्माबाद ते निजामाबाद पळतोय. परत किती येतो याचा हिशेब मेहुण्याच्या वहीत आहे आणि ती वही त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशात.

गाडीतून नेतो काय, तर मिरची. धर्माबादेतून दुसरं काय नेणार? हंगामात आमच्या बाजारात आलेला परगावचा माणूस आधी शिंकतो, मग नाव सांगतो. गावचा माणूस शिंकत नाही. त्याच्या नाकानं कधीच हात टेकलेत. या मालाची गंमत अशी की तो हलका. पोतं दिसायला म्हशीएवढं आणि वजनाला रेडकाएवढंही नाही. त्यामुळे गाडी भरली असं कुणालाच वाटत नाही. पोत्यावर पोतं चढत जातं आणि विजेच्या तारेला लागेल अशी भीती वाटली की मगच दोर आवळतात. वळणावर हा सगळा डोलारा एका अंगाला झुकतो. परतीला गाडी रिकामी आणणं मेहुण्याच्या लेखी पाप, म्हणून येताना तांदूळ. तांदळाचं अगदी उलट. दिसतो एवढासा आणि गाडीचे पाटे सरळ करतो. जाताना डोलायचं, येताना दबायचं, आणि हे सगळं बासरच्या सरस्वतीच्या गावावरून. पण बुद्धी कुणालाच झाली नाही.

तर सूर. 'ऊंऽऽऽ' असा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, ड्रायव्हर गुणगुणतोय. ड्रायव्हरला वाटलं, मी. एकमेकांचा मान राखून आम्ही दोघं आठवडाभर गप्प बसलो.

सूर गाडीबरोबर चढायचा आणि गाडीबरोबर उतरायचा. आता, आमच्या गाडीच्या मीटरची केबल तुटून दोन वर्षं झाली होती. काटा शून्यावर समाधी लावून बसलेला. त्यामुळे या सुरानं ड्रायव्हरची मोठीच सोय झाली. "सर, ह्यो चाळीसचा," तो सांगायचा. जरा रेटलं की, "ह्यो पन्नासचा. साठला काच बी बोलायली बघा." मी मान डोलवायचो. पुढे पुढे चाळीसचा सूर मलाही डोळे मिटून ओळखू यायला लागला. एवढी तयारी मला कधी भजनातही जमली नव्हती.

पण गाडी बोलायला लागली की गाव गप्प बसत नाही. मेहुणा म्हणाला, टायर घासलेत. म्हणून मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे केले. आवाज जिथल्या तिथे. ऑइलवाला म्हणाला, डिफरन्शियलमध्ये जाड ऑइल घाला. पंक्चरवाला म्हणाला, अलाइनमेंट करा. ज्याच्या दुकानात जे विकायला होतं, त्याच रोगानं आमची गाडी आजारी होती. चहावाल्याकडे विकायला फक्त चहा, म्हणून त्याचं निदान निःस्वार्थी: नजर लागली, लिंबू-मिरची बांधा. पोत्यांनी मिरची वाहणाऱ्या गाडीला आणखी सात मिरच्यांनी काय फरक पडणार? पण बांधलं. कोण जाणे, लिंबूच कमी पडत असेल.

मिस्त्रीकडे जायला मेहुणा तयार होईना. हंगामात गाडी उभी ठेवायची म्हणजे पोटात गोळा. आमच्या तालुक्यात निर्णय असेच होतात. बाभळीच्या बंधाऱ्याची दारं कधी उघडायची आणि कधी लावायची हे ठरवायला २०१३ साली सर्वोच्च न्यायालय लागलं. १ जुलैला उघडा, २८ ऑक्टोबरनंतर लावा. आमच्या गाडीला तारीख द्यायला एवढं मोठं कोर्ट नव्हतं. शेवटी मागच्या उजव्या टायरच्या आतल्या अंगाला तेल ओघळलेलं दिसलं आणि त्या चाकाचा ब्रेक नुसता नावाला राहिला, तेव्हा कुठे मेहुणा म्हणाला, "दाखवून तर आणा. पण कायबी बदलायचं नाही."

मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे गावाबाहेर एक लिंब आणि त्याखाली एक पेटी. मिस्त्री वयस्क, बोलणं दखनी आणि तेही मोजकं. त्यानं बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. सरळ मागं हौद्यात चढला, उजव्या चाकावर मांडी घालून बसला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "चलाव."

मी पुढे बसलो होतो. मागून काचेवर टकटक व्हायची आणि हुकूम यायचा. न्यूट्रल कर. गाडी नुसती घरंगळायला लागली, तरी ऊंऽऽऽ चालूच. म्हणजे इंजिन सुटलं, गिअरबॉक्स सुटला. एक्सिलरेटर दे, सोड, दे, सोड. सुरात फरक नाही. क्राउन-पिनियनची भानगड असती तर ओढताना एक आणि सोडताना दुसरा आवाज आला असता. मग मोकळ्या मैदानात डावीकडे वळव. सूर एकदम वर चढला. उजवीकडे वळव. सूर बसला. गाडी डावीकडे वळली की सगळं ओझं उजव्या चाकावर येतं. ज्याच्यावर ओझं, तो ओरडणार. मिस्त्री खाली उतरला, एकेका ड्रमला हात लावून पाहिला, उजव्याचा हात पटकन मागं घेतला. "साब, टायर नै बोलरा. अंदर का बेरिंग बोलरा."

बाजूला जमलेल्या हमालांपैकी एकजण तेलुगूत म्हणाला, "बेरिंग पोयिंदी." ड्रायव्हर मराठीत म्हणाला, "बेरिंग गेलं." दोन्हीचा अर्थ एकच. आता गेलं कुठे, तिथेच तर होतं. पण वस्तू बिघडली की गोदावरीच्या या अंगालाही ती जाते आणि त्या अंगालाही जाते. 'बोलरा' म्हणणारा एकटा मिस्त्री.

मग त्यानं मला ऐकवलं. पुढच्या चाकांना दगड लावले, कारण मागचा ड्रम काढायचा तर हँडब्रेक सोडावाच लागतो. मागून जॅक दिला. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ड्रममागच्या प्लेटवर टेकवलं, मूठ माझ्या कानाशी धरली आणि हातानं चाक फिरवलं. आत कुणीतरी जात्यात वाळू दळत होतं. मग डावीकडे नेऊन तसंच ऐकवलं. तिथे नुसतं सुळसुळ, रेशमी पातळ घडीतून काढावं तसं. इतके महिने मी ज्याला सूर म्हणून मान डोलवत होतो, ते लोखंड खरवडलं जात होतं.

रात्री पुस्तकं काढली. शिक्षकाची खोड. बेअरिंगला मराठी विश्वकोशात 'धारवा' म्हणतात. केवढा गोड शब्द! धरून ठेवतो तो धारवा. आणि या धारव्याचं आयुष्य मोजायचं गणितही निघालं. लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन या दोघा स्वीडिश लोकांनी १९४७ साली ते मांडलं. भार वाढतो त्याच्या घनाच्या प्रमाणात गोळ्यांच्या बेअरिंगचं आयुष्य घटतं. म्हणजे भार सव्वापट केला की आयुष्य जवळपास निम्मं आणि दुप्पट केला की एक-अष्टमांश. मी मेहुण्याला फोन करून विचारलं, तांदळाची पोती आपण नेमकी किती घालतो. तो म्हणाला, "बसतील तेवढी." घन करायला आकडाच मिळेना.

स्वीडनचीच आणखी एक गोष्ट सापडली. योटेबोरीच्या एका कापड गिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा इंजिनिअर होता. गिरणीखालची जमीन चिकणमातीची, ती हलायची, त्यामुळे शाफ्टची रेघ चुकायची आणि बेअरिंगं फुटायची. वैतागून त्यानं १९०७ साली असं बेअरिंग काढलं की शाफ्ट थोडा वाकडा झाला तरी ते स्वतःला जुळवून घेईल, आणि त्यातून एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. हे वाचून मला त्या माणसाबद्दल आपुलकी वाटली. जमीन हलते म्हणजे काय हे काळ्या मातीत राहणाऱ्याला सांगायला नको. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता वर्षभर लाटा मारतो. विंगक्विस्टची गिरणी तरी एका जागी उभी होती.

सकाळी मी मिस्त्रीला म्हटलं, याला मराठीत धारवा म्हणतात. त्यानं पाना थांबवला. "धारवाड? नै साब, अपना माल नांदेड से आता."

ड्रम निघाला तेव्हा पहिल्यांदा मिस्त्री शिंकला, मग पोऱ्या, मग मी. ऑइल सील फाटून गिअर ऑइल बाहेर आलेलं, त्यात लायनरची काळी धूळ कालवलेली, आणि त्या काळ्या चिखलाच्या कडेकडेनं चिकटलेल्या पिवळ्या टिकल्या. मिरचीचं बी. दोन हंगामांची मिरची हौद्याच्या फटींतून गळत तिथे साठली होती. बाजारात न शिंकणारं माझं नाक त्या ड्रमसमोर शरण गेलं.

प्लेटमागचे चार नट सोडले, पण एक्सल बाहेर यायला तयार नाही. माझ्या मनात आलं, आता घण. मिस्त्रीनं वेगळंच केलं. काढलेला ड्रम उलटा करून परत त्याच स्टडवर अडकवला, चाकाचे नट अर्धेच फिरवून ढिले ठेवले आणि दोन्ही हातांनी ड्रम धरून स्वतःकडे झटका दिला. ड्रम मोकळ्या जागेत सरकून नटांवर आपटला. ठण्ण. दुसरा झटका. तिसऱ्याला एक्सल, बेअरिंग आणि सील सगळं तेलकट होऊन बाहेर आलं. ज्याला काढायचं त्याच्याच घरचा ड्रम हातोडा केला! मी टाळी वाजवणार होतो, पण हातात पोऱ्यानं रिटेनरची जुनी प्लेट पुसायला दिली होती.

ही प्लेट लक्षात ठेवा. बेअरिंग एक्सलवर घट्ट ठोकून बसवलेलं असतं आणि त्याला धरून एक लोखंडी कॉलर. ती काढायला लेथवाला लागतो. त्यानं कॉलरला अर्ध्यापर्यंत ड्रिल मारलं, छिन्नी लावून एक घाव घातला, कॉलर तडकली. मग प्रेसवर जुनं बेअरिंग उतरवलं. त्याची आतली कडी मी उन्हात धरून पाहिली. छर्रे जिथून फिरतात त्या चकचकीत वाटेवर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे पडले होते. आता चढवायचं उलट्या क्रमानं: आधी प्लेट, मग बेअरिंग, मग कॉलर तापवून. प्लेट राहिली तर बेअरिंग चढल्यावर ती घालायला वाटच नाही.

आणि प्लेट होती माझ्याकडे. मी ती रॉकेलनं धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून, काखेत मारून चहाला गेलो होतो. चहावाल्याला त्याचं लिंबू-मिरचीचं निदान कसं चुकलं हे सविस्तर समजावून परत आलो, तर नवं बेअरिंग एक्सलच्या टोकाशी बसलेलं, लेथवाल्याचा हात प्रेसच्या दांड्यावर, आणि मिस्त्री चारही दिशांना काहीतरी शोधतोय. माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाला, "साब, बगल में क्या है?"

शाळेत अशा वेळी मी पोरांना बाकावर उभं करत असे.

दुपारपर्यंत सगळं जागेवर गेलं. नव्या सीलच्या ओठांना ग्रीस लावून, वर लाकडाचा तुकडा ठेवून मिस्त्रीनं ते अलगद ठोकलं. लायनर तेलानं भिजलेले म्हणून तेही बदलले. डिफरन्शियलमध्ये कमी झालेलं ऑइल भरलं. मेहुण्यानं 'कायबी बदलायचं नाही' म्हटलेल्या गोष्टींची यादी त्याच्या वरच्या खिशातल्या वहीत गेली.

संध्याकाळी गाडी बाहेर काढली. आवाज नाही. इतकं सामसूम की हौद्यात एक मोकळी साखळी आहे हे पहिल्यांदा कळलं. मी खूश. ड्रायव्हर मात्र अस्वस्थ. एकदा कान खिडकीबाहेर काढायचा, एकदा आत घ्यायचा. शेवटी गाडी बाजूला घेऊन म्हणाला, "सर, किती पळायली कळंनाच झालंय."

तेव्हा केबल आणली. मिस्त्रीनं डॅशबोर्डखाली आडवं होऊन ती बसवली, फार वेळ लागला नाही. दोन वर्षांनी काटा शून्यावरून उठला. दुसऱ्या दिवशी मिरची भरून आम्ही बासरच्या रस्त्याला लागलो. ड्रायव्हरनं डोळे काट्यावर ठेवून गाडी बरोबर चाळीसवर आणली आणि तिथेच धरून ठेवली. मागून एक बैलगाडी सोडून बाकी सगळं आम्हाला ओलांडून गेलं. बराच वेळ तो काही बोलला नाही.

मग म्हणाला, "सर, चाळीस लईच हळू असतंय हो."