ओरडता ओरडता ऐकावे कसे? (नवशिक्यांसाठी)

सर्वप्रथम मुलुंड टोलनाक्याच्या एखाद्या लेनवरचा फास्टॅग रीडर मनातल्या मनात ताब्यात घ्या. लहान गाड्यांना तिथे १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्रीपासून टोल माफ आहे, त्यामुळे शिव्या फक्त ट्रकवाल्यांच्याच खाव्या लागतील.

फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात लहर सोडतो. टॅग तिच्यावर जगतो आणि तीच लहर कमीजास्त परतवून आपला नंबर सांगतो. ‘उत्तर येईपर्यंत रीडर बंद ठेवू’ ही हुशारी सुचली असेल तर लगेच विसरा. रीडर गप्प, की टॅगही गप्प.

आता हिशेब. अँटेनाकडे १ वॅट निघाला. जाणारे-येणारे वेगळे करायला सर्क्युलेटर बसवलेला असतो, तरी शंभरातला एक भाग सहज निसटून रिसीव्हरमध्ये शिरतो, म्हणजे १० मिलिवॅट. टॅगचे उत्तर ०.१ नॅनोवॅट धरले, तर गळती त्याच्या १० कोटी पट! इथे नवशिके हमखास अॅम्प्लिफायर वाढवतात. वाढवा. उत्तरासोबत गळतीही वाढेल आणि पहिल्याच टप्प्यावर रिसीव्हर बहिरा होईल.

जागा आणि पैसा असेल तर बोलायला एक अँटेना, ऐकायला दुसरा. नसेल तर रीडरच्याच लहरीतला चिमूटभर भाग काढा, त्याचा विस्तार (अॅम्प्लिट्यूड) गळतीइतका करा, कला (फेज) उलटी करा आणि रिसीव्हरच्या तोंडाशी मिसळा. विस्तार नेमका जुळला, तर कलेत अर्ध्या अंशाची चूक राहूनही गळतीची शक्ती १० हजार पटीहून जास्त उतरते.

हे पहाटे, रिकाम्या लेनवर करा. झकास जमेल. मग पहिला ट्रक येऊ द्या. त्याच्या पत्र्यावरून उलटलेली लहरही अँटेनातून आत येते. लहरीची लांबी साधारण ३५ सेंटीमीटर. ट्रक जेमतेम नऊ सेंटीमीटर सरकला, की जाऊन-येऊन तिची कला पुरती उलटते. पहाटेच्या मेहनतीवर पाणी. म्हणून गळती सतत मोजून जुळवणी आपोआप बदलणारे सर्किट लागते. एकदा पिळून ठेवलेला स्क्रू नव्हे.

सर्किट नसेल तर लेनवरच्या पोराचे ऐका. ‘जरा मागे घ्या... आता पुढे’ म्हणतो तेव्हा तो कलाच बदलत असतो, पगारात तसा उल्लेख नसला तरी. तेही फसले तर हातातला स्कॅनर सरळ काचेवरच्या टॅगजवळ न्या. अंतर घटले की उत्तर जोरात येते. हा उपाय मुद्दाम शेवटी ठेवला आहे, नाहीतर वरचे कोणी वाचलेच नसते.